हाक मारली तरी वळत नाही

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो : ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता; मुलाच्या मेंदूची वाढच अशी वेगळी होते की माणसांशी देवाणघेवाण आणि संवाद अवघड जातो. काही पत्रं फार घाबरून लिहिलेली आहेत, काही फार निर्धास्तपणे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा ११ महिन्यांचा आहे. नावाने हाक मारली तर क्वचितच बघतो. पंख्याकडे मात्र एकटक बघत राहतो. अजून 'टाटा' करत नाही. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही उशिरा बोलले होते, थांब जरा. मोबाईलवर वाचून वाचून माझी झोप उडाली आहे. – एक आई, मुलुंड

पंखा आधी बाजूला ठेवू. या वयाची बहुतेक बाळं पंखा, ट्यूबलाइट, खिडकीची जाळी बघत बसतात. आनंदाने हात फडफडवणं, चवड्यांवर उभं राहणं हेही पुष्कळ बाळं करतात. अशी एखादी लकब पकडून ऑटिझम ठरवता येत नाही. पंखा बघताना तो मधेच तुमच्याकडे वळून 'बघ ना' अशा नजरेने पाहतो का, आणि तुम्ही गुदगुल्या केल्या की पंखा सोडून तुमच्यात रमतो का, हे जास्त महत्त्वाचं.

सासूबाईंचं म्हणणं खरं असू शकतं, पण उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आहे. ११ महिन्यांचं बाळ बोलत नाही याची काळजी कुणी करत नाही. या वयात बघायची ती देवाणघेवाण. त्यांना एवढंच विचारा : बाबा उशिरा बोलले, पण बोलायच्या आधी बोट दाखवून मागत होते का? कडेवर घ्या म्हणून हात वर करत होते का? 'बुवा-कुक' खेळताना पुन्हा करा म्हणून खिदळत होते का? उत्तर 'हो' असेल, तर ते बाळ न बोलताही गप्पा मारत होतं.

साधारण अंदाज असा. सहा महिन्यांपर्यंत ओळखीच्या माणसाकडे बघून तोंडभर हसू. नऊ महिन्यांपर्यंत तुम्ही आवाज काढला की त्याने काढायचा, पुन्हा तुम्ही, अशी पाळीपाळीने चालणारी बडबड. बारा महिन्यांपर्यंत 'बा-बा', 'दा-दा' अशी अक्षरं, नावाला प्रतिसाद आणि हातवारे : टाटा, टाळ्या, 'दे' म्हणून पुढे केलेला तळवा, बोट दाखवणं. बाळ दीड महिना आधी जन्मलेलं असेल तर त्याचं वय साडेनऊ महिने धरा. दोन वर्षांपर्यंत हा हिशेब करायचा असतो. टाटा एकटाच राहिला असेल तर एवढं काही नाही. टाटाही नाही, आवाजांची पाळीही नाही, नावालाही वळत नाही, असं सगळं एकत्र असेल तर पहिल्या वाढदिवसाची वाट बघू नका.

नावाची परीक्षा नीट घ्या, कारण ती बहुतेक घरांत चुकते. टीव्ही बंद. हातात आवडतं खेळणं नको. बाळाच्या मागे किंवा बाजूला, साधारण तीन फुटांवर बसा आणि नेहमीच्या आवाजात एकदाच हाक मारा. टाळी, चुटकी, खुळखुळा काही नाही. चार-पाच सेकंद थांबा, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. हे दिवसातून दोनदा, असे चार-पाच दिवस करा आणि कागदावर मांडून ठेवा. बऱ्याच घरांत नाव झिजलेलं असतं : आजी, आत्या, शेजारच्या काकू दिवसभर तेच नाव घेत असतात आणि त्यातून बाळाला काहीच मिळत नाही. परीक्षेच्या आधी दोन दिवस नाव उगाच घेणं बंद करा. घ्याल तेव्हा त्यामागे काहीतरी गंमत हवी.

आता सर्वांत महत्त्वाचं : कान. 'बिस्किटाच्या पुड्याच्या आवाजाला वळतो, म्हणजे ऐकू येतं' हा समज फसवा आहे. काही ठरावीक पट्टीतले आवाज ऐकू येऊन बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात. जन्मानंतर केलेली कानाची ओएई तपासणी पास झाली होती, म्हणूनही निर्धास्त राहू नका. ती कानाच्या आतल्या शंखासारख्या भागापुरतं सांगते, पुढच्या नसेचं नाही, आणि काही बहिरेपण नंतर येतं. बेरा ही ऐकण्याची दुसरी चाचणी, ती कानापासून पुढच्या नसेचंही सांगते. त्यासाठी बाळ गाढ झोपलेलं लागतं, म्हणून चाचणीच्या दिवशी सकाळची झोप टाळून, तिथे पोहोचल्यावर दूध पाजून झोपवतात. टॅक्सीत किंवा लोकलमध्ये डुलकी लागली की दिवस फुकट जातो, हे लक्षात ठेवून कुणाला तरी सोबत न्या. नुकतीच सर्दी झाली असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं आहे का, हे आधी बघून घ्या.

चाचणीसाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग ही वाचा आणि श्रवण दोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. तिथेच ० ते ६ वर्षांच्या मुलांसाठीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र जून २०२१ मध्ये सुरू झालं. विकासाच्या तपासणीसाठी परळचं वाडिया, शीवचं टिळक रुग्णालय, केईएम हे पर्याय आहेत. जाताना लसीकरणाचं कार्ड, प्रसूतीचे आणि काचेच्या पेटीत ठेवलं असेल तर तिथले कागद, आणि मोबाईलमध्ये दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ न्या : जेवताना, तुमच्याशी खेळताना, एकटा असताना. अनोळखी खोलीत बाळ एकतर रडतं किंवा गप्प होतं, त्यामुळे डॉक्टरांना घरचं बाळ दिसतच नाही.

प्रश्न : नातू २० महिन्यांचा. एबीसीडी सगळी म्हणतो, वीसपर्यंत आकडे इंग्रजीत म्हणतो, मोबाईलवरच्या गाण्यांचे शब्द जसेच्या तसे. पण पाणी हवं असलं तर माझा हात धरून माठाकडे नेतो, 'पाणी' म्हणत नाही. सून म्हणते हुशार आहे. मुलगा म्हणतो मोबाईलमुळे झालं. खरं काय? – एक आजोबा, लालबाग

आजोबा, तुम्ही पत्रात जे टिपलंय ते नेमकं आहे. शब्द आहेत, पण ते कुणाला उद्देशून नाहीत. मुलाने हात धरून नेणं हे मागणंच आहे, मात्र तो तुमच्या हाताला नेतोय की तुम्हाला, हे बघा. माठाशी पोहोचल्यावर तो वर मान करून तुमच्या चेहऱ्याकडे बघतो का? की हात नळावर ठेवून मोकळा होतो? याच वयात रस्त्यावरचं कुत्रं किंवा आकाशातलं विमान बोटाने दाखवून मूल मागे वळून तुमच्याकडे बघतं. वस्तू हवी म्हणून नव्हे, नुसतं दाखवायचं म्हणून. हे दाखवणं नसेल तर ते एबीसीडीपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं.

हुशारी आणि ऑटिझम यांत वैर नाही, त्यामुळे सून चुकते आहे असं नाही. मोबाईलचं मात्र दोन्ही बाजूंनी अति होतं. मोबाईलने ऑटिझम होतो असं म्हणायला पुरेसा आधार नाही. पण मोबाईलसमोर गेलेला तास हा माणसासोबतच्या खेळातून वजा झालेला तास असतो, आणि ज्या मुलाला माणसांची गोडी आधीच कमी आहे त्याला तो परवडत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच असं सांगितलं आहे; दूरच्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल एवढीच सवलत. महिनाभर मोबाईल पूर्ण बंद ठेवा. पहिले चार-पाच दिवस भोकाड पसरेल, जेवण कमी होईल. मात्र 'आधी मोबाईल बंद करून बघू, मग डॉक्टर' असा क्रम लावू नका. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करा.

डॉक्टर एम-चॅट-आर ही ऑटिझमची शंका तपासणारी, पालकांनी भरायची प्रश्नावली देतील. ती १६ ते ३० महिन्यांसाठी आहे, होय-नाहीचे २० प्रश्न. घरचे हमखास एक चूक करतात : मुलाने एकदा-दोनदा केलेल्या गोष्टीला 'होय' लिहितात. सूचना नेमकी उलट आहे. कधीतरी केलं, पण नेहमी करत नाही, तर उत्तर 'नाही'. तीन प्रश्नांत 'होय' हे उत्तरच शंकेचं धरलं जातं : ऐकू येत नाही असं कधी वाटलं का, डोळ्यांजवळ बोटं विचित्र हलवतो का, रोजच्या आवाजांनी बिथरतो का. शंकेच्या प्रत्येक उत्तराला एक गुण. ० ते २ गुण कमी धोक्याचे. ३ ते ७ आले तर त्याच प्रश्नांवर तोंडी खोदून विचारतात. ८ किंवा जास्त असतील तर थेट सविस्तर तपासणी. ही चाळणी आहे, निदान नाही. तोंडी चौकशीनंतरही चाळणीत अडकलेल्या मुलांपैकी मूळ अभ्यासात निम्म्यांना ऑटिझम निघाला. बाकीच्या बहुतेकांना विकासाची दुसरी काही अडचण होती. म्हणजे चाचणी वाया गेली असं फार कमी वेळा होतं.

प्रश्न : मुलगी १४ महिन्यांची. बालरोगतज्ज्ञांना शंका आहे, पण 'पक्कं आताच सांगता येणार नाही' म्हणाले. थेरपी सेंटरवाले आठवड्यातून पाच दिवस यायला सांगतात, वर्षाचे पैसे आगाऊ मागतात. ऑटिझम नसलाच तर तिला आणि खिशाला उगाच त्रास. थांबलो आणि असलाच, तर वेळ गेला. आम्ही दोघंही नोकरी करतो. – एक बाबा, कांदिवली

तुम्ही एकाच श्वासात दोन निर्णय लिहिले आहेत. मदत सुरू करायची का, हा एक. या सेंटरचं वर्षाचं पॅकेज घ्यायचं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो, याच महिन्यात'. दुसऱ्याचं 'नाही'.

डॉक्टर सावध बोलले ते बरोबर आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात १२-१३ महिन्यांना केलेलं ऑटिझमचं निदान पुढे निम्म्याच मुलांत टिकलं. १४ महिन्यांना केलेलं मात्र सुमारे ७९ टक्के मुलांत टिकलं. काही मुलं पहिल्या तपासणीत सुटली आणि नंतर सापडली. मुलींच्या बाबतीत असं निसटणं जास्त, कारण त्यांची लक्षणं सौम्य वाटतात आणि 'लाजाळू आहे' म्हणून सोडून दिलं जातं. म्हणून आज शिक्का न मारता दर तीन महिन्यांनी पुन्हा बघणं हेच शहाणपणाचं. पण शिक्का नाही म्हणून मदतही नाही, हे मात्र गणित चुकीचं.

लवकर मदतीचा पुरावा किती पक्का आहे, हेही सरळ सांगायला हवं. ऑस्ट्रेलियात ९ ते १४ महिन्यांच्या, सुरुवातीची चिन्हं दिसणाऱ्या १०३ बाळांवर एक प्रयोग झाला. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पाच महिन्यांत दहा भेटी. थेरपिस्ट घरी येऊन आईबाबांच्या आणि बाळाच्या खेळाचा व्हिडिओ काढत, मग तो त्यांच्यासोबत बघत : इथे बाळाने काय सांगितलं, तुम्ही काय उत्तर दिलं. तीन वर्षांच्या वयात या गटात ६.७ टक्के मुलांना ऑटिझमचं निदान झालं, नेहमीची मदत मिळालेल्या गटात २०.५ टक्के. आकडे लहान आहेत, तेव्हा नाचायचं कारण नाही. २०१२ च्या एका प्रयोगात १४ ते २४ महिन्यांच्या मुलांच्या पालकांना आठवड्याला एक तास, असे १२ आठवडे शिकवलं आणि दोन गटांत फरकच निघाला नाही. आपल्याकडे गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीत झालेल्या प्रयोगात, २०१६ मध्ये, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत १२ सत्रांत पालकांना शिकवलं. मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. ती मुलं दोन ते नऊ वर्षांची होती, पण पद्धत घरात बसणारी आहे.

आणि तासांचं काय? 'जितके तास जास्त तितकं मूल सुधारतं' हे वाक्य प्रत्येक सेंटरच्या भिंतीवर असतं. २०२४ मध्ये १४४ अभ्यास आणि सुमारे ९,००० मुलांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा तास वाढवल्याने फायदा वाढतो असं दिसलं नाही. तुमची मुलगी आठवड्यात जवळपास ७५ तास जागी असते. ४५ मिनिटांची दोन सत्रं म्हणजे दीड तास. उरलेले तास तिच्याभोवती जी माणसं आहेत, त्यांना काय करायचं हे कळलं तर खरा फरक. पाच दिवस कांदिवलीहून गर्दीत प्रवास, झोपेची वेळ मोडलेली, पोहोचेपर्यंत किरकिर, अशा सत्रात ती रडण्यापलीकडे काही शिकणार नाही. आठवड्याला एक किंवा दोन सत्रं, तिच्या जागेपणाच्या वेळी, आणि तुमच्यापैकी एकजण आत बसलेला : इथून सुरुवात करा. आलटूनपालटून सुट्टी टाकावी लागली तरी चालेल; मुलीला दिवसभर सांभाळणारी आजी किंवा मावशी असेल तर तिलाही आत बसवा.

सेंटर निवडताना विचारा : पालकांना आत बसू देता का? पुढच्या तीन महिन्यांची उद्दिष्टं लिहून देता का? 'कम्युनिकेशन सुधारेल' हे उद्दिष्ट नाही. 'आवडत्या वस्तूसाठी दिवसातून पाच वेळा हात पुढे करून आईकडे बघेल' हे उद्दिष्ट. ते मोजता येतं, आणि तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर पद्धत बदलायला सांगता येतं. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, ऑक्युपेशनल थेरपिस्टची महाराष्ट्राच्या परिषदेकडे. क्रमांक मागायला लाजू नका. 'पूर्ण बरा करू' म्हणणारा असेल तर चहा न घेता उठा. स्टेम सेलची इंजेक्शनं सुचवणाऱ्यापासून तर दूरच राहा : राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी हा उपचार करू नये असं कळवलं आहे.

घरी उद्यापासून करता येण्यासारखं : दहा-दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा. तिला खालच्या पाटावर किंवा उशीला टेकून बसवा आणि तुम्ही जमिनीवर समोर बसा, म्हणजे मान वर न करता तुमचा चेहरा दिसेल. ती जो आवाज काढेल तोच काढा, ती वाटी आपटेल तर तुम्हीही आपटा. ती थबकून बघते, तो क्षण पकडायचा. झुलवताना 'एक... दोन...' म्हणून थांबा आणि सात-आठ सेकंद काहीच बोलू नका. नजर, हात, हुंकार, काहीही आलं की 'तीन!' हे थांबणं मोठ्या माणसांना सर्वांत कठीण जातं, तिसऱ्याच सेकंदाला तोंड उघडतं. मऊ इडलीचे बारीक तुकडे घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवून डबा तिच्या हाती द्या. उघडत नाही म्हटल्यावर ती तो कुणाकडे तरी घेऊन येईल. प्रेमळ आजी तहान लागायच्या आधीच पाणी देते, तिथे मागण्याची संधीच संपते. 'हे काय? सांग, हे काय?' अशी तोंडी परीक्षा घेऊ नका, नुसतं नाव सांगा : 'वाटी. रिकामी वाटी.' हनुवटी धरून 'माझ्याकडे बघ' तर कधीच नको.

ऑटिझम नाही असं पुढे ठरलं, तरी यातून तिचं काही बिघडत नाही. निदान पक्कं झालं, तर अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड आणि राष्ट्रीय न्यासाची वर्षाला एक लाखापर्यंतची 'निरामय' विमा योजना हे पुढचं काम. त्याची आज घाई नाही.

प्रश्न : थेरपिस्टने सांगितलं, घरी फक्त इंग्रजी बोला, शाळेत तेच लागेल. आम्हाला दोघांनाही इंग्रजी जेमतेम. – एक आई, कुर्ला

मराठीच बोला. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं आणखी लांबतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. जेमतेम इंग्रजीत आईच्या तोंडून 'सिट', 'कम', 'नो' एवढेच हुकूम निघतात. लाड, चिडवणं, गाणी, रागावणं सगळं गळून पडतं. थेरपिस्टला सांगा, पहिले शब्द मराठीतच घ्या.

प्रश्न : १५ महिन्यांची एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस पुढे ढकलावी का? जावेचा मुलगा लसीनंतर बोलायचा थांबला. – गिरगाव

ढकलू नका. हा संशय १९९८ च्या ज्या ब्रिटिश लेखातून पसरला, तो लेख त्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, लसीमुळे ऑटिझम वाढल्याचं दिसलं नाही. काही मुलांचे शब्द १५ ते २४ महिन्यांच्या दरम्यान जातात आणि लसही त्याच सुमारास येते, म्हणून गाठ जोडली जाते. शब्द गेले हे मात्र कोणत्याही वयात गंभीर. जावेच्या मुलाची तपासणी झाली नसेल तर आता करा.

प्रश्न : मोठ्याला ऑटिझम आहे. धाकटी तीन महिन्यांची झाली. हिचं कधी कळेल? – एक आई, बोरिवली

मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल तर धाकट्याला असण्याची शक्यता साधारण पाचात एक. म्हणजे पाचात चार वेळा नसतो, पण नजर ठेवावी एवढी ही शक्यता मोठी आहे. तीन महिन्यांना काहीच सांगता येत नाही. पुढे ऑटिझम निघालेल्या बाळांची डोळ्यांकडे बघण्याची ओढ दोन ते सहा महिन्यांत हळूहळू उतरते, असं संशोधनात दिसलं आहे. पण ते यंत्राने मोजलेलं, घरच्या डोळ्यांना दिसण्यासारखं नाही. उघड फरक बहुधा सहा ते बारा महिन्यांच्या मधे दिसू लागतो. म्हणून ६, ९, १२, १८ आणि २४ महिन्यांना तपासणी ठरवून टाका. सहा महिन्यांना पाठीवर झोपवून दोन्ही हात धरून हलकेच बसतं करा. मान मागेच पडत असेल तर डॉक्टरांना दाखवा, ते ऑटिझमचं असो वा नसो. मोठ्याच्या थेरपीत शिकलेलं थांबणं आणि नक्कल हिच्याशी आत्ताच खेळा. आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. रोज बघणाऱ्याला उतार दिसत नाही, सहा व्हिडिओ ओळीने बघितले की दिसतो.

एक गोष्ट मात्र वेगळी, तिला पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. तीन ते आठ महिन्यांच्या बाळाने झोपेतून उठताना दचकल्यासारखं डोकं पुढे टाकलं, हातपाय आखडले, आणि असं काही सेकंदांच्या अंतराने ओळीने अनेकदा झालं, तर त्याला पोटदुखी किंवा दचकणं समजू नका. तो एका प्रकारचा फिटचा आजार असू शकतो आणि उशीर झाला तर मेंदूचं नुकसान होतं. व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठून ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची चाचणी, करायला सांगा.